पाहुण्याचा नकार

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला वाटायला नको की ही बाई प्रसंग आला म्हणून घाबरली. मी प्रसंग यायच्या आधीच घाबरलेली असते. रस्त्यात पोलीस दिसला की उगाच पर्स चाचपते. विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्याने नुसतं वर पाहिलं तरी स्वतःची जन्मतारीख विसरते. नवरा म्हणतो, काहीही न करता आरोपी दिसणारी तू एकटीच. तो इथल्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. माणसं जगण्या-मरण्याच्या उंबरठ्यावर रोज बघतो, त्यामुळे बाकी कशाची भीती त्याच्यात उरलेली नाही. घरातली सगळी भीती माझ्या वाट्याला आली आहे.

त्या हिवाळ्यात मात्र घाबरायला सबळ कारण होतं. नॉटिंगहॅममध्ये आमची व्हिसावरची वर्षं पुरी झाली होती आणि कायम राहण्याच्या परवानगीसाठी आम्ही अर्ज केला होता. उत्तर यायचं होतं. मुलगी इथल्याच शाळेत, तिचं मराठी ‘माझा शाळा’ आणि ‘मोठी दगड’ इथवर येऊन थांबलेलं. तिला उचलून पुण्याच्या शाळेत नेऊन बसवायचं या कल्पनेने माझी झोप उडायची. नवऱ्याची नोकरी, घर, पोरीच्या मैत्रिणी, सगळं एका ईमेलवर टांगलेलं होतं. त्या अर्जात तुमच्या चारित्र्याबद्दलचे प्रश्न असतात. युद्धगुन्हे केलेत का, दहशतवादाशी काही संबंध आला का. ‘नाही’वर क्लिक करण्याआधी मी प्रत्येक प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत होते आणि नवरा शेजारी बसून हसत होता.

इथल्या आमच्या मराठी मंडळात महिन्यातून एकदा वादसभा भरते. नाव भारदस्त असलं तरी येणारी घरं मोजकी. हॉस्पिटलातले डॉक्टर, आयटीवाले आणि त्यांच्याकडे भारतातून आलेले आईवडील. सभा सुरू केली डॉक्टरकाकांनी. काका म्हणजे निवृत्त जीपी, इथले फॅमिली डॉक्टर, आमच्यातले बरेच जण जन्मलेही नव्हते तेव्हा इथे आलेले. कॉलेजात त्यांनी वादविवादाच्या ढाली जिंकल्या होत्या आणि ते अजून विसरलेले नाहीत. त्यांचा नियम एकच. विषय ठरला की स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी उचलायची. ‘बाजूने’ निघालं तर बाजूने बोलायचं, ‘विरोधात’ निघालं तर विरोधात. स्वतःला काय वाटतं ते आपापल्या घरी बोलावं. या नियमापायी आमच्यातली अंडंही न खाणारी एक बाई मटणाच्या बाजूने इतकं झकास बोलली होती की पुढे महिनाभर तिला सगळे चिडवत होते.

त्या महिन्यात काकांनी विषय दिला: खटला न चालवता माणसांना परदेशातल्या लष्करी तळावर डांबून ठेवणं देशाच्या सुरक्षेसाठी योग्य आहे की नाही. तळ कोणता, हे सांगायची गरज नव्हती. बातम्यांत त्याची चर्चा पुन्हा सुरू झाली होती. ग्रुपवर मी विषय वाचला. ‘घरकामाची वाटणी’ हा विषय जास्त उपयोगी पडेल, असं मी लगेच टाकलं. त्याला एका बाईने लाइकचा अंगठा टाकला, बाकी कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग चिठ्ठ्या निघाल्या आणि नवऱ्याला ‘बाजूने’ आलं. त्याचं तोंड उतरलं, त्याला दुसरी बाजू हवी होती. माझा मात्र जीव भांड्यात पडला. अशा कैदेच्या बाजूने बोलल्यामुळे कोणाची परवानगी अडकल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं. मी मनातल्या मनात गणपतीला मोदक बोलले.

सभेच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला. चर्चचा हॉल आपण नेहमी घेतो, त्याचा हीटिंगचा बॉयलर बंद पडला आहे, तेव्हा सभा तुमच्याकडे करू या, तुमचा लाउंज मोठा आहे. सासूबाई त्यावेळी भारतातून आलेल्या होत्या. त्या एका पायावर तयार झाल्या आणि पुऱ्या की पोळ्या याचा विचार करू लागल्या. मी हो म्हटलं. मग काका म्हणाले की एक पाहुणा पण येणार आहे, माझ्या अलॉटमेंटच्या शेजारचा. काका कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर भाजी लावतात, त्या तुकड्याला अलॉटमेंट म्हणतात. शेजारी म्हटल्यावर मला वाटलं, असेल कोणी कोथिंबिरीची हौस असलेला गोरा म्हातारा.

“अगं, तो त्या तळावर होता,” काका म्हणाले. “काही वर्षं. चार्ज असा लागलाच नाही, शेवटी सोडून दिलं. मला पण रिसेंटलीच कळलं. म्हटलं, आपला टॉपिकच आहे, चीफ गेस्ट म्हणून बोलवू या. खूप जेंटल माणूस आहे गं.”

काका आणखी बरंच बोलत होते, ही फ्री कंट्री आहे वगैरे, पण मला फक्त अर्जातला तो प्रश्न डोळ्यांसमोर दिसत होता. संबंध आला का? अर्ज भरला तेव्हा नव्हता आला. उद्या दुपारी येणार होता, आणि तोही आमच्या सोफ्यावर.

नवरा घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. त्याला वेगळीच काळजी लागली. जो माणूस तिथे राहून आला त्याच्यासमोर मी उभं राहून ‘हे योग्यच आहे’ म्हणायचं? त्याने काकांना फोन करून चिठ्ठी बदलून मागितली. काका बधले नाहीत. नियम म्हणजे नियम, आणि पाहुण्याला मी विचारलं आहे, दुसरी बाजू कोणी नीट मांडली तर ऐकायला त्याला आवडेल. आता यात काही चुकतंय असं काकांना वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या कोणालाच वाटलं नाही. आम्ही लहानपणापासून हेच करत आलो. प्रमुख पाहुणे, शाल, नारळ, दोन्ही बाजूंची भाषणं, मग जेवण.

त्या संध्याकाळी मी त्याचं नाव इंटरनेटवर शोधलंही नाही. शोधलं असतं तर ते कुठेतरी उमटून राहिलं असतं आणि पुढे कोणी विचारलं असतं. समोरच्या घराच्या डोअरबेलला कॅमेरा आहे आणि तो थेट आमच्या दाराकडे बघतो, हे मला आधीपासून माहीत होतं. सकाळी उठून मी आमची गाडी पुढे-मागे करून अशी लावली की दारात उभं राहणारा माणूस अर्धा तरी झाकला जावा. नवरा खिडकीतून ते बघत होता.

पाहुणा आला तो काकांबरोबरच. बारीक अंगाचा, पिकू लागलेली दाढी, तपकिरी कोट, आणि बोलणं इथल्याच माणसासारखं, कारण तो वाढलाच या देशात होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले लीक, म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ, त्याने स्वतः लावलेले. कोणी न सांगता त्याने बूट काढले आणि टोकं दाराकडे करून ठेवले. मग विचारलं, लाउंजचं दार उघडं ठेवलं तर चालेल का. बाहेर गारठा होता, पण मी चालेल म्हटलं. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला आणि मी अशा जागी बसले जिथून तो मला सतत दिसेल. घाबरलेल्या माणसाला नजर हलवता येत नाही, म्हणून पुढचं सगळं मी इतरांपेक्षा जास्त नीट पाहिलं.

काकांनी पाठीमागून येऊन त्याच्या खांद्यांवर शाल घातली तेव्हा तो खुर्चीतल्या खुर्चीत एकदम ताठ झाला. मग मान वळवून पाहिलं, शाल आहे हे त्याला कळलं, आणि तो हसला. नारळ मांडीवर घेऊन त्याने सगळी सभा ऐकली. पाहुण्यासाठी सभा इंग्रजीत होती. विरोधात बोलणारी मुलगी नवी नवी मेडनहेडहून इथे नोकरीला आलेली, तिने छान मांडलं. आरोप नाही, वकील नाही, मुदत नाही, मग याला कायदा कसा म्हणायचं, असं ती म्हणाली. त्यानंतर नवरा उठला.

तो वाईट बोलला असता तर बरं झालं असतं. पण त्याला अर्धवट काही करताच येत नाही. रात्रभर वाचत बसला होता. सगळ्यात जोरदार मुद्दा त्याने शेवटी ठेवला, आणि तो त्याच्या कामातला होता. तिथल्या कैद्यांनी जेव्हा अन्न सोडलं तेव्हा त्यांना मरू दिलं गेलं नाही. डॉक्टर त्यांच्या शेजारी उभे राहिले, त्यांना अन्न दिलं, त्यांचा जीव राखला. ज्या राज्याला माणूस संपवायचा असतो ते एवढी काळजी घेत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाहुण्याकडे पाहिलं. त्यानेही टाळ्या वाजवल्या, नारळ मांडीवरून पडू नये म्हणून जरा जपून.

काकांनी त्याला दोन शब्द बोलायची विनंती केली. दोघेही उत्तम बोलले, तो म्हणाला. मी या विषयावर फारसं बोलत नाही, आणि स्वयंपाकाचा वास इतका सुंदर येतो आहे की आता कोणी ऐकणारही नाही. सगळे हसले. मीही हसले. संकट टळलं असं वाटून मी पुऱ्या तळायला उठले.

आमच्याकडे बाकीच्या घरांसारखं टेबलावर भांडी मांडून ‘घ्या हाताने’ असं चालत नाही, निदान सासूबाई असताना नाही. त्यांनी दोन टेबलं जोडून सगळ्यांना ओळीने बसवलं आणि स्वतः वाढायला उभ्या राहिल्या. मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुऱ्या, श्रीखंड. सासूबाईंचा आग्रह सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. त्यांच्या हिशेबी पहिला ‘नको’ हा संकोच, दुसरा ‘नको’ ही रीत आणि तिसरा ‘नको’ म्हणजे वाढणारीला दिलेलं आव्हान. आपल्यातला माणूस हे जाणतो, ताटावर हात आडवा धरतो, बोटांच्या फटीतून श्रीखंड पडतं, हशा होतो, आणि शेवटी तो माणूस खातो. यात सगळ्यांनाच आनंद असतो.

पाहुण्याने आधी सगळं आवडीने खाल्लं. मग सासूबाई श्रीखंडाचं पातेलं घेऊन आल्या तेव्हा तो इंग्रजीत म्हणाला की पुरे, पोट भरलं. त्यांनी वाढलं. तो पुन्हा नको म्हणाला आणि आपण धरतो तसाच त्याने वाटीवर हात धरला. सगळ्यांना वाटलं, वा, पाहुणा तयार आहे. कोणीतरी म्हणालं, “यू कान्ट से नो टू हर.” सासूबाईंनी हसत हसत त्याचं मनगट धरलं, हात अलगद बाजूला केला आणि वाटी भरली. “घ्या हो भाऊ, एवढंच. शेवटचं.”

त्याने खाल्लं. मान न उचलता, न थांबता, चमच्यामागून चमचा. वाटी रिकामी झाली. आवडलं असं समजून सासूबाईंनी परत मनगट धरून परत वाढलं, आणि त्याने तेही खाल्लं. टेबलभर गप्पा रंगल्या होत्या. मला एकटीला दिसत होतं की त्याचा डावा हात खुर्चीची कड धरून बसला आहे आणि बोटं पांढरी पडली आहेत. कपाळावर घाम होता. दार उघडं, खोलीत थंडी, आणि त्याच्या दाढीत घामाचे थेंब. मी इतकी घाबरले की मला नवऱ्याला हाकही मारता येईना. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. पण त्याची नजर सरावलेली, त्यालाही दिसलं असावं, कारण तो एकदम म्हणाला, “आई, बास.” मुलगा आपल्यावर असा ओरडलेला सासूबाईंनी कधी ऐकला नव्हता. त्या चमचा हातात धरून उभ्या राहिल्या.

पाहुण्याने मान वर केली. नवऱ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “मी आता थांबलो तर चालेल का?”

तो हे उपरोधाने म्हणाला असता तर आम्हाला सोपं गेलं असतं. तो खरोखर परवानगी मागत होता. नवरा हो म्हणाला. मग पाहुण्याने चमचा वाटीत ठेवला आणि खुर्चीची कड सोडली.

कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्याने घेतला. थोड्या वेळाने तोच बोलू लागला, बहुधा आमची अवस्था बघून. तिथे त्यांनी खाणं सोडलं होतं, कारण सोडण्यासारखं दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं. मग त्यांना खुर्चीत बसवत. हात, पाय, कपाळ पट्ट्यांनी बांधत आणि नाकातून नळी घालत. पत्ता सांगावा तसं त्याने हे सांगितलं. सगळे क्रूर नव्हते, असंही म्हणाला. एक जण फार मायाळू होता. बांधलेल्या हाताचं मनगट धरायचा आणि समजावायचा, एवढंच राहिलंय, हे शेवटचं. मग तो नवऱ्याकडे वळला. “तुम्ही म्हणालात ते खरं आहे, डॉक्टर. त्यांनी आम्हाला मरू दिलं नाही.”

अशा नळ्या घालणं हे नवऱ्याचं रोजचं काम आहे. त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

तोपर्यंत मी त्या माणसाला घाबरत होते. आता मला आमचंच टेबल बघून भीती वाटू लागली. सासूबाई वाईट नाहीत, काका वाईट नाहीत, नवरा तर कोणाचा जीव वाचवल्याशिवाय घरी येत नाही. त्या खोलीत वाईट असं कोणीच नव्हतं, आणि तरी एक माणूस आमच्यादेखत पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसला होता. आम्ही हसत होतो. अर्जाची, ईमेलची, कॅमेऱ्याची भीती मला ओळखीची होती. या भीतीचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

सासूबाईंना इंग्रजी जेमतेम कळतं. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, काय म्हणाला तो. मी सांगितलं. इंग्रजीत ऐकताना जरा तरी लांबचं वाटत होतं. ‘त्यांना बांधून खायला घालायचे’ हे मराठीत तोंडाने म्हणताना ते आमच्याच स्वयंपाकघरातलं वाटलं.

“मग त्यांनी आधीच का नाही सांगितलं?” सासूबाई म्हणाल्या.

“सांगितलं की. नको म्हणाले होते.”

त्या बराच वेळ पातेल्यावर झाकण ठेवत राहिल्या. झाकण बसलेलंच होतं.

निघायच्या वेळी काकांना फोटो हवा होता. प्रत्येक सभेचा फोटो निघतो, ग्रुपवर जातो, मग मंडळाच्या पानावर, खाली सगळ्यांची नावं. माझं धाबं दणाणलं. इतकं सगळं ऐकून झाल्यावरही माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की या माणसाबरोबर, माझ्या घरात, नावासकट फोटो. लाज वाटली, पण लाजेने भीती कमी झाली नाही. मी म्हटलं, मी काढते. सगळे म्हणाले, घरच्या बाईशिवाय फोटो कसा? पाहुणा माझ्या शेजारी उभा होता. फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात त्याने विचारलं, कसल्या निर्णयाची वाट बघताय का?

कसं कळलं, हे मी विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न बघून त्यानेच सांगितलं. “वाट बघणारं माणूस मला ओळखू येतं.”

आणि मग तो सगळ्यांना म्हणाला की फोटो मी काढतो. काकांना ते पटेना. प्रमुख पाहुण्याशिवाय फोटो म्हणजे काय! त्यांनी त्याला ओढायला हात पुढे केला. तो हसून नको, थँक यू म्हणाला. काका आणखी पुढे सरकले, तेवढ्यात सासूबाई मध्ये आल्या. त्यांना माझ्या भीतीतलं काही ठाऊक नव्हतं. पाहुण्याला हातही न लावता त्या काकांना म्हणाल्या, “नको म्हणतायत ना ते. मग नको.”

काका थांबले. आमच्या घरात त्याचं ‘नको’ त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं गेलं, आणि ते नेमकं माझ्या सोयीचं होतं. मी माझा फोन त्याच्या हातात दिला. त्याने आम्हाला जवळ जवळ उभं केलं, उंच होते त्यांना मागे घेतलं आणि फोटो काढला. मग बूट घातले, शालीची घडी करून काखेत धरली, नारळ घेतला आणि काकांच्या गाडीत बसून गेला.

वसंतात परवानगी मिळाली. मुलीला तिच्याच शाळेत राहता आलं. सासूबाई भारतात परतल्या, आणि नवरा सांगतो की फोनवर कोणाला जेवायला वाढल्याचं सांगताना त्या आता शेवटी म्हणतात, त्याला नको होतं, मी नाही वाढलं. काका अधूनमधून पाहुण्याने पाठवलेली भाजी आणून देतात. मी दर वेळी त्याला जेवायला बोलवायचं ठरवते आणि अजून बोलावलेलं नाही.

तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. सगळ्यांचे चेहरे फोटो काढणाऱ्या पाहुण्याकडे वळलेले आहेत, सगळे अवघडून थोडेसे हसतायत. माझ्या एकटीच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद आहे, अगदी स्पष्ट, आणि बटण दाबण्याआधी तो त्याने पाहिला आहे.